मातीचा खर्च आधीं भरून ठेवावा काय, व कोणाजवळ?

शास्त्रपाठ : उत्पत्ति अ. २३, मार्क १४ : ३-९, मत्तय २७ : ५७-६०.



आजच्या पाठाचा विषय ऐकून कित्येकांस वाटेल कीं, असलें अभद्र बोलणें मंडळींत कशाला? घरांत सर्व माणसें धडधाकट असतां मयताच्या खर्चाची गोष्ट काढिली म्हणजे वडील माणसें 'तोंड आवर' असें म्हणतात. तथापि कोरेगांव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, तळेगांव ढमढेरे ह्या बाजूस काम करणाऱ्या उपदेशकांस ही गोष्ट टाळून चालावयाचें नाहीं. मरण हें लग्नासारखें नव्हे. लग्नाची तारीख सुगीपर्यंत पुढें ढकलतां येते व सोयऱ्यांशीं बोलून खर्चहि उतरवितां येतो. मयत मात्र फार तर एक दिवस घरांत ठेवितात. रात्रीं माणूस गेलें म्हणजे सकाळीं पेटीच्या फळ्या, कापड, कबर खणणारांची मजुरी, पुण्याच्या रुग्णालयांतून प्रेत आणावयाचें असल्यास गाडीचें भाडें, आणि परगांवाहून आलेल्या पाहुण्यांच्या भाकरी, इतक्या गोष्टी एकदम उभ्या राहतात. त्या दिवशीं कोणी भाव करीत नाहीं. ज्याच्याजवळ रोख पैसा आहे त्याच्या दारीं जावें लागतें, आणि तो जें व्याज सांगेल तें कबूल करावें लागतें.

कोरेगांवच्या वेशीपलीकडे जो स्तंभ आहे त्यावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्या दगडाचा खर्च कंपनी सरकारानें केला. मजुराच्या मागें कोणतेंहि सरकार असा स्तंभ उभारीत नाहीं; त्याच्या मागें जें राहतें तें बहुधा कर्ज असतें.

ह्या भागांतील लोकांस कर्जाची गोष्ट नवी नाहीं. कोरेगांव ज्या शिरूर तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांतील करडे गांवीं डिसेंबर १८७४ मध्यें एका सावकारानें गांवच्या देशमुखावर हुकूमनामा मिळविला, तेव्हां गांवकऱ्यांनीं सावकारांचें काम करणेंच सोडून दिलें. तें लोण पसरत गेलें, आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा होऊन कर्जरोखे जाळण्यांत आले. सरकारानें चौकशीसाठीं कमिशन नेमिलें व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कमिशनाच्या अहवालांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कुणबी लग्नांत व सणांत उधळतो म्हणून बुडतो, असें शहाणे लोक तेव्हां सहज म्हणत, आणि आजहि म्हणतात. कमिशनानें सांगितलें कीं, ह्या कारणास फाजील महत्त्व दिलें गेलें आहे. असले प्रसंग क्वचित् येतात, आणि कर्जाचें मूळ बहुधा त्यांत नसतें. हें म्हणणें आम्हांस रास्त वाटतें. गरिबास उधळ्या म्हणणें फार सोपें आहे.

पण येथें एक भेद केला पाहिजे. रक्कम लहान असली तरी ती कोणत्या दिवशीं काढिली ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें. पांच हजार रुपये सवडीनें काढणारा मनुष्य चार ठिकाणीं विचारतो; प्रेत घरांत असतांना काढणारा एकाच ठिकाणीं विचारतो. म्हणून मातीचा पैसा आधीं बाजूस ठेवण्याचा खरा लाभ खर्च कमी होतो हा नव्हे. त्या एका दिवशीं आपल्याला दुसऱ्याच्या अटी मान्य कराव्या लागत नाहींत, हा होय.

जुन्या गांवगाड्यांत हा खर्च एका अर्थीं आगाऊच भरलेला असे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचें १९१५ सालचें 'गांवगाडा' हें पुस्तक ज्यांनीं वाचिलें असेल त्यांस बलुत्याची रीत ठाऊक आहे. कुंभारानें मडकें द्यावें, न्हाव्यानें हजामत करावी, महारानें परगांवच्या सोयऱ्यांस मरणाची वार्ता पोंचवावी व सरणाचें जळण वाहावें. ह्याबद्दल त्या दिवशीं रोख कांहीं द्यावें लागत नसे, कारण दर वर्षीं खळ्यावर बलुतें घातलेलें असे. महारास प्रेतावरील कापड हक्कानें मिळे. पाहिलें तर ही आगाऊ भरण्याचीच योजना. पण ती कोणाच्या पाठीवर चालत होती? वार्ता घेऊन भर पावसांत कोसच्या कोस जाणाऱ्यास 'आज जात नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार नव्हता. आणि ज्यानें साऱ्या गांवाच्या मयतांचें जळण वाहिलें त्याच्या घरच्या प्रेतास बहुतेक गांवीं वेगळी जागा पाहावी लागे. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत ह्या वतनांविषयीं बिल आणिलें, आणि शेवटीं १९५८ च्या कायद्यानें तीं वतनें रद्द झालीं. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आज्यापणज्यांनीं हें ओझें वाहिलें आहे. तें उतरलें हें फार चांगलें झालें. मात्र जुनी रीत गेली तेव्हां तिच्याबरोबर आधींची तरतूदहि गेली. आतां मडक्यापासून गाडीपर्यंत सर्व रोख आहे, आणि रोख आणावयाचा कोठून ह्याची नवी रीत बहुतेक ठिकाणीं कोणी बसविली नाहीं.

आधीं तयारी करणें हें अविश्वासाचें लक्षण आहे, अशी शंका कोणी काढील. ह्यासाठीं वर दिलेले तिन्ही पाठ वाचावे. अब्राहाम परक्या देशांत राहत होता. सारा मरण पावली तेव्हां त्याला जागा फुकट देऊं केली असतां त्यानें ती घेतली नाहीं. वेशीवर, सर्वांसमक्ष, चारशें शेकेल रुपें तोलून दिलें, आणि शेत, गुहा व झाडें हीं सर्व त्याच्या मालकीचीं ठरलीं. पुढें तो स्वतः, इसहाक, रिबका, लेआ व याकोब ह्यांस त्याच जागीं ठेविलें; म्हणजे एकदां दिलेल्या किंमतींत पुढच्या पिढ्यांची सोय झाली. अरिमथाईकर योसेफानें आपली कबर जिवंतपणींच खोदविली होती. बेथानींतील स्त्रीनें मौल्यवान् तेल ओतिलें, तेव्हां तीनशें दिनारांची, म्हणजे मजुराच्या सुमारें वर्षाच्या कमाईची, नासाडी झाली अशी कुरकुर झाली. परंतु प्रभूनें तें काम आपल्या उत्तरकार्यासाठीं आधींच केलेलें म्हणून स्वीकारिलें. ह्यावरून मोठा खर्च करावा असें शिकवावयाचें नाहीं. आधीं केलें म्हणून तें अभद्र ठरत नाहीं, एवढेंच शिकवावें. शिवाय अब्राहामाचा व्यवहार नीट पाहावा: पुरी किंमत, उघडी जागा, साक्षीदार, आणि काय विकत घेतलें ह्याचा स्पष्ट उच्चार. आधीं पैसा देणारानें ह्या चार गोष्टी कधीं सोडूं नयेत.

आतां गरीब लोकांनीं आपसांत पैसा जमविल्याचा एक फार जुना दाखला पाहूं. रोम शहराजवळ लानुवियम नांवाचें गांव होतें. तेथें इ. स. १३६ मध्यें एका मयत-मंडळाचे नियम दगडावर कोरिले गेले व ते आजहि वाचतां येतात. सभासदांत दासहि होते. मंडळ दियाना देवी व अंतिनौस ह्यांच्या नांवानें भरत असे. तो भाग आपल्या कामाचा नाहीं, पण नियम मन लावून पाहण्यासारखे आहेत. आंत येतांना शंभर सेस्टर्स नाणीं व चांगल्या द्राक्षारसाची एक घागर द्यावी. पुढें दर महिन्यास पांच आस, म्हणजे सव्वा सेस्टर्स. सभासद मेला म्हणजे त्याच्या मातीसाठीं तीनशें सेस्टर्स निघत, आणि त्यांतील पन्नास प्रेताबरोबर चालत आलेल्यांस वांटीत. अर्थात् कोणी एकट्यानें जाऊं नये ही सोय नियमांतच होती. गांवापासून वीस मैलांपलीकडे कोणी मेला, तर तीन माणसें निवडून पाठवावीं, त्यांनीं परत येऊन हिशेब द्यावा, आणि हिशेबांत लबाडी ठरल्यास चौपट दंड भरावा. दासाच्या धन्यानें दुष्टपणें प्रेत दिलें नाहीं, तर त्याची प्रतिमा करून तिचा विधि करावा.

आणि एक नियम तर आमच्या प्रत्येक गांवीं भिंतीवर लावावा असा आहे. मृताचा धनी असो कीं सावकार असो, मृतानें मृत्युपत्रांत त्याला वारस नेमिलें नसेल, तर मंडळाच्या पैशावर त्याचा कांहीं हक्क चालणार नाहीं. अठराशें वर्षांपूर्वींच्या दासांस हें कळलें होतें कीं, मातीच्या पैशाला सावकाराचा हात लागला तर तो मातीचा पैसा राहत नाहीं.

त्याच नियमांत असेंहि होतें कीं, ज्यानें स्वतः आपला जीव घेतला त्याच्या मातीस मंडळानें कांहीं देऊं नये. हा नियम आपण मुळींच घेऊं नये. महाराष्ट्रांत कर्जापायीं किती शेतकऱ्यांनीं आपला अंत करून घेतला हें सर्वांस ठाऊक आहे. अशा घरच्या बायकोला त्या दिवशीं आणखी कर्ज काढावयास लाविलें, तर तिच्या दुःखांत आपणहि भर घातल्यासारखें होईल.

ह्यानंतर सुमारें साठ वर्षांनीं उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज येथें तर्तुलियन ह्यानें ख्रिस्ती मंडळींच्या पेटीचें वर्णन लिहिलें आहे. त्यांतहि महिन्यास वर्गणी असे. परंतु ती ज्याच्या त्याच्या खुषीची व ऐपतीची असे, आणि तिच्यांतून गरिबांस अन्न व माती दिली जाई. ह्यांतील फरक पाहा: लानुवियम येथें ज्यानें भरलें त्यालाच मिळे, कार्थेज येथें ज्याला गरज त्याला मिळे. गोव्यांतील जुन्या कोंफ्रारियांतहि सभासद वर्गणी देतात, आणि कोणी वारला म्हणजे बाकीचे झगे घालून प्रेताबरोबर चालतात. आपण कोणती रीत घ्यावी हें पुढें पाहूं.

त्याआधीं शहरांतील नव्या रीतीविषयीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यांत मुंबईकडील 'सुखांत' नांवाच्या कंपनीनें आपला गाळा मांडिला होता. ३७,५०० रुपये आधीं भरावे, मग खांदेकरी, भटजी, गाडी व इतर सर्व व्यवस्था कंपनी पाहील, अशी तिची योजना वर्तमानपत्रांतून गाजली. पुष्कळांनीं थट्टा केली. आम्हांस थट्टेचें कारण दिसत नाहीं. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, ज्यांच्या इमारतींत शेजारी शेजाऱ्यास ओळखत नाहीं, त्यांना खांदा विकत घ्यावा लागतो. ही गोष्ट हंसण्याची नव्हे. परंतु खेड्यांतील मनुष्यास खांदा अजून विकत घ्यावा लागत नाहीं. त्याला कमी पडतो तो रोख पैसा, आणि तो एवढा लागत नाहीं.

कोणत्याहि कंपनीस आगाऊ पैसा देण्यापूर्वीं एक गोष्ट समजून घ्यावी. आपण आज देतों, आणि काम कदाचित् वीस वर्षांनीं व्हावयाचें; मधल्या वीस वर्षांत तो पैसा कोठें असतो? इंग्लंडांत ही रीत पुष्कळ रूढ आहे. तेथें 'सेफ हँड्स' नांवाची कंपनी मार्च २०२२ मध्यें बुडाली, आणि सुमारें ४६,००० लोकांनीं जिवंतपणीं भरलेल्या मातीच्या पैशाचा घोटाळा झाला. त्यांत म्हातारीं माणसें फार. त्याच वर्षीं २९ जुलैपासून तेथें असा कायदा लागू झाला कीं, सरकारी देखरेख-संस्थेच्या परवानगीवांचून कोणीं असा पैसा घेऊं नये. आपल्याकडे ठेवीदारांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्राचा १९९९ चा व मध्यवर्ती सरकारचा २०१९ चा कायदा आहे. तथापि कायद्याची धांव बहुधा पैसा गेल्यावर सुरू होते. म्हणून दारीं आलेल्या एजंटास विचारावें: पैसा कोणाच्या नांवें राहणार? मध्येंच सोडलें तर किती परत? भाव वाढले तर वरचे कोण देणार? परगांवीं मेलों तर काय? उत्तर कागदावर देत नसेल तर त्याला पाणी पाजून वाटेस लावावें.

मंडळीचा स्वतःचा मयत फंड हा खेड्यांस ह्याहून सोयीचा आहे. परंतु तोहि चांगल्या हेतूनें सुरू होऊन वाईट हिशेबानें मोडूं शकतो. उदाहरणासाठीं धरा, चाळीस घरें आहेत व प्रत्येकानें महिन्यास तीस रुपये दिले. वर्षास १४,४०० रुपये झाले. एका मातीस सहा हजार द्यावयाचे ठरविलें व वर्षांत दोन मयत झाले, तर १२,००० जाऊन २,४०० उरतात. सर्वांस आनंद वाटतो. पुढच्या वर्षीं चार झाले कीं २४,००० लागतात आणि त्या वर्षाच्या वर्गणींत ९,६०० कमी पडतात. ज्यांनीं बारा वर्षे भरलें त्यांस नेमकें त्या वर्षीं मिळत नाहीं, आणि फंड मोडतो. चाळीस घरांत दोहोंचे चार होणें मुळींच दुर्मिळ नाहीं. पण शेजारच्या चार मंडळ्या एकत्र येऊन एकशें साठ घरें झालीं, तर आठांचे सोळा क्वचितच होतात. म्हणून कोरेगांवानें एकट्यानें फंड काढण्यापेक्षां शिक्रापूर, सणसवाडी, तळेगांव ह्यांनीं मिळून काढावा. तरीहि १९१८ च्या इन्फ्लुएंझासारखें किंवा २०२१ च्या करोनासारखें वर्ष येतें, तेव्हां घरांची संख्याहि पुरत नाहीं. त्यासाठीं पहिल्या वर्षाची सारी वर्गणी शिल्लक म्हणून वेगळी ठेवावी, व त्या वर्षीं कोणी वारल्यास मंडळीनें खास गोळा करून द्यावें.

पैसा कोणा एकाच्या घरीं ठेवूं नये, पाळकाच्याहि नाहीं. बँकेंत तिघांच्या नांवें खातें असावें, दोन सह्यांवांचून पैसा निघूं नये, आणि तिघांत एक बाई असावी. मयताच्या घरीं काय लागतें हें तिला पुरुषांपेक्षां अधिक कळतें. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं शिल्लक मोठ्यानें वाचावी. ह्या फंडांतून लग्नास, बियाण्यास किंवा आजारास उसने देऊं नयेत. भिशीचा पैसा फिरता असतो, हा पैसा स्थिर असला पाहिजे. दोन्ही एका पेटींत घातले तर मयताच्या दिवशीं पेटींत चिठ्ठ्या सांपडतील. आणि ज्या विधवेस तीस रुपये जड आहेत तिचें नांव वहींतून काढूं नये. येथें आम्ही कार्थेजची बाजू घेतों. हिशेब लानुवियमसारखा कडक असावा, पण देणें मात्र गरजेप्रमाणें असावें; तिचा वांटा इतरांनीं दोन दोन रुपये अधिक देऊन भरावा.

ह्या सर्वांपूर्वीं मात्र जागेचा प्रश्न आहे. पैसा असून जागा नसेल तर काय होतें हें छत्तीसगडांतील बस्तर भागांत दिसलें. तेथें ७ जानेवारी २०२५ रोजीं एक ख्रिस्ती पाळक वारला. गांवांत पुरण्यास विरोध झाला; मुलगा हायकोर्टांत व मग सुप्रीम कोर्टांत गेला. प्रेत रुग्णालयाच्या शीतगृहांत तसेंच राहिलें. २७ जानेवारीस दोन न्यायाधीशांचें एकमत झालें नाहीं. तरी प्रेताची आणखी विटंबना होऊं नये म्हणून दोघांनीं मिळून गांवापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरील करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमींत पुरण्याचा हुकूम दिला. वीस दिवस! आमच्या तालुक्यांत असें होणार नाहीं असें समजून स्वस्थ बसूं नये. उपदेशकानें तलाठ्याकडे जाऊन आपली दफनभूमि सात-बाऱ्यांत कोणत्या नांवें आहे हें पाहावें. नोंद नसेल, तर घरांत कोणी मेलेलें नसतांना, गांवांत तंटा नसतांना, ग्रामसभेपुढें अर्ज ठेवून ठराव करून घ्यावा. असा ठराव सवडीच्या दिवशीं सहज होतो, आणि मयताच्या दिवशीं त्यावरून भांडण होतें.

शेवटीं कारखान्यांत जाणाऱ्यांविषयीं. सणसवाडी व रांजणगांव येथें काम करणाऱ्या ज्यांच्या पगारांतून कामगार विम्याचे पैसे, म्हणजे 'ईएसआय', कापले जातात, त्यांनीं आपला मातीचा खर्च नकळत आधींच कांहीं अंशीं भरलेला आहे. असा कामगार वारल्यास मातीच्या प्रत्यक्ष खर्चाबद्दल १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. मात्र मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आंत मागणी करावी लागते. पुष्कळ घरांस हें ठाऊक नसतें व मुदत निघून जाते. ही रक्कम मागाहून येते, त्या दिवशीं येत नाहीं. म्हणून अशा घरास फंडानें आधीं द्यावें व विम्याची रक्कम आल्यावर तेवढें परत घ्यावें. त्यासाठीं मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आंत व्हावी. रुग्णालयाचा कागद, पेटी व गाडी ह्यांच्या पावत्या, आणि कामगाराचा विमा-क्रमांक हीं एकत्र ठेवावीं. विमा-क्रमांक मात्र आजच, मनुष्य जिवंत असतांना, मंडळीच्या वहींत त्याच्या नांवापुढें लिहून घ्यावा. मेलेल्याच्या खिशांतील कार्ड बहुधा वेळेवर सांपडत नाहीं.